धाप आणि मयसभा



आजच्या भाषणाचा विषय मला कोणी नेमून दिलेला नाहीं. गेलीं कांहीं वर्षें तो माझ्या घरांतच राहत आहे. मी वैद्य नाहीं आणि शास्त्रज्ञ तर नाहींच नाहीं. १९७४ सालीं जुन्या अकरावीची मॅट्रिकची परीक्षा उतरलों, प्राथमिक शिक्षकाची नोकरी धरली आणि २०१६ सालीं निवृत्त झालों. तेव्हां मी आज जें सांगणार आहें, तें एका शिक्षकानें डोळ्यांनीं पाहिलेलें, कांहीं वाचलेलें आणि कांहीं जाणत्यांना विचारून पडताळून घेतलेलें आहे, इतकेंच समजावें.

आमचें बिऱ्हाड दुसऱ्या मजल्यावर आहे. पायऱ्या मोजून छत्तीस. २०१९ सालच्या एका सकाळीं माझी पत्नी भाजीची पिशवी घेऊन त्या पायऱ्या चढतांना नवव्या पायरीवर थांबली, कठड्याला धरलें आणि म्हणाली, "तुम्ही पुढें व्हा, मी आलेंच." मीहि पुढें झालों. हें "आलेंच" मग रोजचें झालें. आधीं तिचा बाजार सुटला, मग देऊळ सुटलें, मग शेजारच्या इमारतींतलें हळदीकुंकू. वेणी घालण्यासाठीं हात वर केले तरी धाप लागूं लागली. आम्ही मात्र "वय झालें" हें पांघरूण त्यावर घालून स्वस्थ होतों. वय हें फार सोयीचें पांघरूण आहे. त्याखालीं कांहींहि झांकतां येतें.

शेवटीं डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं तिला एका नळींत जोरानें फुंकायला लावलें, कागदावर उमटलेली रेघ पाहिली आणि पहिला प्रश्न केला, "विडी, तपकीर, तंबाखू ?" तिला हंसूं आलें. डॉक्टरांनीं दुसरा प्रश्न केला, "चूल किती वर्षें ?" त्यावर मात्र कोणीच हंसलें नाहीं.

चूल बावीस वर्षें. माझ्या बदल्या पाटण तालुक्यांत, कोयनेच्या अंगाला होत राहिल्या. तेथला पाऊस चार महिने उसंत घेत नाहीं. लाकूड ओलें, स्वयंपाकघराला एकच झरोका आणि तोहि पावसाच्या झडीमुळें फळीनें बंद केलेला. ती फुंकणी घेऊन चुलीपुढें बसे आणि मी धुराचा त्रास होतो म्हणून ओटीवर बसून वह्या तपाशीं. धुराचा त्रास मला होतो हें मला पक्कें ठाऊक होतें. तिला होतो काय, हें बावीस वर्षांत एकदांहि विचारलें नाहीं. त्या दिवशीं दवाखान्याच्या बांकावर बसून मीं हा हिशेब प्रथमच मांडला.

पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनीं २००९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत एक लेख प्रसिद्ध केला. तंबाखूला न शिवणाऱ्या माणसांना हा विकार कसा जडतो हा त्याचा विषय. जगांत धूम्रपान करणारे सुमारें १०० कोटि, पण लाकूड, शेणी, काटक्या यांच्या धुरांत राहणारे सुमारें ३०० कोटि, असा हिशेब त्यांत दिला आहे. भारतांत २०१६ सालीं या विकाराचे सुमारें साडेपांच कोटि रोगी होते, असा अंदाज आहे. यांपैकीं किती स्त्रियांना "वय झालें" एवढेंच निदान मिळालें असेल तें ज्यानें त्यानें आपापल्या घरांत पाहावें.

या विकाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. आपल्याकडे सरसकट दमाच म्हणण्याची रीत आहे. पण हा दमा नव्हे. दम्यांत श्वासाच्या नळ्या आकसतात आणि औषधानें बऱ्याचशा पूर्ववत् होतात. येथें त्या कायमच्या अरुंद होतात, आणि फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंतीहि झिजून जातात. झिजलेलें परत भरून येत नाहीं. रोग्याला हवा आंत घेतां येत नाहीं अशी आपली समजूत असते. खरी अडचण हवा बाहेर सोडण्याची आहे. एस. टी. च्या स्थानकावर गाडी लागली कीं आंतले उतारू उतरण्याआधींच बाहेरचे दारांतून घुसतात आणि सर्वच अडकून पडतात, तसा हा प्रकार. माणूस चालूं लागला कीं श्वास भराभर होतो, आंतली शिळी हवा निघायला अवधि मिळत नाहीं, छाती फुगलेली राहते आणि ताज्या हवेला जागाच उरत नाहीं. त्या वेळचें भय, ज्यानें तें अनुभविलें नाहीं त्याला सांगून कळावयाचें नाहीं. पत्नीनें एकदांच सांगितलें, "पाण्याखालीं कोणी डोकें दाबून धरल्यासारखें होतें." पुन्हां कधीं बोलली नाहीं.

साहजिकच माणूस चालण्याचें टाळतो. न चाललेल्या पायांच्या मांड्या रोडावतात. दुबळे स्नायु तेवढ्याच कामाला जास्त प्राणवायु मागतात, म्हणून धाप आणखी लवकर लागते, म्हणून चालणें आणखी कमी होतें. फुप्फुसाचा रोग असा पायांत उतरतो. आणि गंमत अशी, कीं फुप्फुसाचें गेलेलें परत मिळत नसलें तरी पायांचें पुष्कळसें मिळतें.

पूर्वीं अशा रोग्याला विश्रांति घ्या, असेंच सांगत. १९५२ सालीं न्यूयॉर्कचे डॉक्टर आल्व्हन बॅरक यांनीं त्यांना व्यायाम द्यावा असें सुचविलें. त्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. पुढें १९६०च्या दशकांत डेन्व्हर शहरीं डॉ. थॉमस पेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें पद्धतशीर करून दाखविलें. २०१५ सालीं कॉक्रेन या संस्थेनें जगभरच्या ६५ चाचण्या, म्हणजे ३८२२ रोगी, एकत्र तपासून पाहिले. ज्यांना व्यायामाचा कार्यक्रम मिळाला ते सहा मिनिटांत इतरांपेक्षां सरासरीनें सुमारें ४४ मीटर अधिक चालूं लागले. धाप आणि थकवा हीं दोन्हीं कमी झालीं. व्यायामाचा उपयोग होतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आतां नव्या चाचण्यांची गरज नाहीं, इतका स्पष्ट निर्वाळा त्यांनीं दिला.

या कार्यक्रमाचें नांव फुप्फुस-पुनर्वसन. आमच्या कोयनेकडे पुनर्वसन हा शब्द धरणाखालीं गांवें गेलेल्या माणसांसाठीं वापरतात. डॉक्टरांनीं तो उच्चारतांच पत्नी माझ्याकडे वळून म्हणाली, "आतां मला कोठें हलवणार ?"

हलविण्याचाच प्रश्न होता. पुनर्वसनाचें केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. आठवड्यांतून तीन दिवस, आठ आठवडे. छत्तीस पायऱ्या उतरावयाच्या, रिक्षा, मग तेथल्या लांब व्हरांड्यांतून चालत जावयाचें. ज्याला चालतांना धाप लागते त्यानें चालण्याचा व्यायाम शिकण्यासाठीं इतकें चालावयाचें ! आम्ही चार वेळां गेलों. पांचव्या वेळीं तिनें पायांत चपला घातल्या, दाराशीं उभी राहिली आणि चपला काढून आंत आली. मीं आग्रह केला नाहीं.

आमचें हें दुःख जगावेगळें नव्हतें हें मागाहून कळलें. ऑस्ट्रेलियांत मेलबोर्न येथें ॲन हॉलंड या बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १६६ रोगी घेऊन एक चाचणी केली. ती २०१७ सालीं प्रसिद्ध झाली. निम्म्यांना केंद्रावर बोलाविलें. निम्म्यांच्या घरीं एकदां भेट दिली आणि नंतर सात आठवडे आठवड्यांतून एक फोन केला, बस्स. घरीं व्यायाम करणाऱ्यांचा फायदा केंद्रावर जाणाऱ्यांपेक्षां कमी नव्हता. आणि कार्यक्रम शेवटपर्यंत पुरा करणारे पाहिले तर घरचे शंभरांत एक्याण्णव, केंद्राचे एकोणपन्नास. उपकरणें म्हणावीं तर घरांत असतील तींच. हें वाचून मला हायसें वाटलें, पण दुसरा प्रश्न उभा राहिला. घरीं करावयाचा व्यायाम रोज करावयाचा कोणी ? आमच्या सज्जांत दहा पावलें जावें आणि दहा पावलें यावें, समोर दुसऱ्या इमारतीच्या नळ्या आणि वाळत घातलेले कपडे. तिसऱ्या फेरीला तिचें लक्ष श्वासाकडे जाई. लक्ष गेलें कीं भीति, भीति वाटली कीं श्वास उथळ आणि भराभर, मग खुर्ची.

या सुमारास माझी पुतणी आमच्या घरीं आली. ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या पिशवींतून पाणबुड्याच्या चष्म्यासारखी एक वस्तु निघाली. जेथें ती काम करते तेथून आठ आठवड्यांच्या बोलीनें ती आणलेली होती. "काकू, घरबसल्या फिरायला जाऊं या," ती म्हणाली. या प्रकाराला इंग्रजींत व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात आणि मराठींत कोणी 'आभासी वास्तव' असें भाषांतर केलें आहे. मला तें रुचत नाहीं. आभास तो आभास आणि वास्तव तें वास्तव. दोहोंची मोट कशाला बांधावी? आपल्याकडे याला जुना शब्द आहे, मयसभा. पांडवांच्या त्या सभेंत दुर्योधनाला जमीन पाणी वाटली आणि पाणी जमीन वाटलें. तो भिजला आणि हंसें झालें. ही गोष्ट लक्षांत ठेवा, पुढें तिचें काम पडणार आहे.

यंत्राची कल्पना मुळांत फार जुनी. आपला उजवा आणि डावा डोळा एकच वस्तु किंचित् निरनिराळी पाहतात, आणि त्या दोन चित्रांतून मेंदु खोलीचें ज्ञान करून घेतो. हें चार्ल्स व्हीट्स्टन यांनीं १८३८ सालीं दोन चित्रें आणि दोन आरसे घेऊन दाखविलें. जत्रेंत पेटीच्या भिंगांतून ताजमहाल पाहिलेल्या माणसाला तें समजावून सांगावयास नको. १९६८ सालीं अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यांनीं त्यांत नवी भर घातली. डोकें वळवावें तसें चित्रहि वळावें, म्हणून डोक्यावर चढविण्याचें एक अवजड यंत्र त्यांनीं छताला टांगून केलें. आतां तें छतावरून उतरून नाकावर आलें आहे, एवढाच सामान्य माणसाच्या दृष्टीनें फरक. डोकें वळलें कीं चित्र वळतें, खालीं पाहिलें कीं पायवाट, वर पाहिलें कीं आकाश. आणि मेंदूला पटतें कीं आपण तेथें आहों.

पण करमणुकीच्या या खेळण्याचा रोग्याशीं संबंध काय ? मीं पुतणीला हेंच विचारलें. तिनें सिएटल शहरची हकीकत सांगितली. तेथें भाजलेल्या रोग्यांच्या जखमा धुतांना होणाऱ्या यातना औषधानें पुरत्या आवरत नसत. हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटर्सन या दोघांनीं १९९०च्या दशकांत अशा रोग्यांवर हा उपाय करून पाहण्यास आरंभ केला. पुढें त्यासाठीं बर्फाची एक सृष्टीच तयार केली. तींत रोगी बर्फाचे गोळे फेकीत हिंडतो आणि तेवढ्या वेळांत परिचारिका जखम धुऊन घेते. वेदना पुष्कळ कमी वाटते असें आढळलें. मनाचें लक्ष म्हणजे एका घागरींतलें पाणी. बर्फाकडे गेलें तेवढें वेदनेकडे कमी. धापेचेंहि तसेंच कां होऊं नये, असा तर्क पुढें इतरांनीं केला.

तर्क मला पटला, परंतु पुरता नव्हे. त्याचें कारण पुढें येईल.

पहिल्या दिवशीं पत्नीला खुर्चीवर बसविलें. बोटाला प्राणवायु मोजण्याची चिमटी लावली. करोनाच्या दिवसांत ती घरोघर गेलेली आहे. पुतणीनें शून्य ते दहा आंकडे लिहिलेला एक पुठ्ठा दिला. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनीं केलेली ही मापनाची पद्धत. शून्य म्हणजे धाप मुळींच नाहीं, दहा म्हणजे असह्य. चष्म्याआड गेलेल्या माणसाला पुठ्ठा दिसावयाचा नाहीं, म्हणून बोटांनीं दाखवावें असें ठरलें. मी आयुष्यभर मुलांना दहांपैकीं गुण दिले. येथें मला गुण घ्यावयाचे होते, आणि ते तीन-चारच्या आसपास असावे अशी अपेक्षा होती. कमी असले तर व्यायाम पुरेसा नाहीं, फार झाले तर थांबावयाचें.

चष्मा चढला. ती इकडे तिकडे पाहूं लागली, मग हात पुढें करून हवेंत कांहीं चांचपलें. "हें कुठलें गांव ?" ती म्हणाली. तें गांव आपल्याकडचें नव्हतें. सूचिपर्ण वृक्षांचें रान, मधून एक पायवाट आणि कडेला तळें. एक बाई इंग्रजींत सूचना देत होती. पत्नीला इंग्रजी येत नाहीं; पण त्या बाईच्या स्वराच्या चढउतारावर ती पाय उचलूं लागली. तिला ती 'मडम' म्हणूं लागली. "आज मडम फार घाईंत होती" असें ती दुसऱ्या दिवशीं म्हणाली तेव्हां पुतणी मनसोक्त हंसली. पंधरा मिनिटें पाय वरखालीं केले आणि एकदांहि "झालें का ?" असें विचारलें नाहीं. मीं घड्याळ दोनदां पाहिलें. सज्जांत तिनें चार मिनिटांवर कधीं मजल मारली नव्हती.

श्वास कसा सोडावा हेंहि त्या खेळांत होतें. नाकानें दोन अंक घेणें आणि ओठांचा चंबू करून चार अंक हळू सोडणें. असें सोडलें म्हणजे नळ्या मिटत नाहींत आणि शिळी हवा निघून जाते. बरोबर सोडलें तर तळ्यावर तरंग उठत. हें तिला सर्वांत लवकर जमलें. "बावीस वर्षें फुंकणी फुंकली, मला काय शिकवतां !" असें ती बोलून गेली आणि क्षणभर गप्प झाली. मीहि गप्प झालों.

आतां मयसभेचें सांगतों. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस ती उभी राहून पावलें टाकूं लागली. चित्रांत तळ्याकांठीं एक लांकडी कठडा होता. तिनें त्यावर भार द्यावा म्हणून हात टाकला. कठडा कोठला आणि काय! मी शेजारींच होतों म्हणून दंड धरला गेला. साठीपुढच्या बाईचें खुब्याचें हाड म्हणजे काय हें सांगावयास नको. त्या दिवसापासून आम्हीं नियम केला : पाठीशीं भिंत, समोर जेवणाचें जड मेज, त्यावर तिचे दोन्ही हात, आणि घरांत दुसरें कोणी नसेल तर चष्मा कपाटांत. आणखीहि बारीकसारीक अडचणी आहेत. डोळे सांगतात कीं आपण पुढें चाललों, आणि कानांतला तोल राखणारा अवयव सांगतो कीं आपण जागचे हललों नाहीं. या भांडणांत कांहीं जणांना गाडी लागल्यासारखें मळमळतें. तिला दोन दिवस तसें झालें, मग चित्राची गति कमी केल्यावर थांबलें. चष्मा नाकावर दाबून बसतो, आंत वाफ धरते. आधींच ज्याचा जीव गुदमरतो त्याच्या तोंडावर कांहीं बांधणें ही गोष्टच एखाद्याला सोसणार नाहीं; त्याच्यावर जबरदस्ती करूं नये. ज्याला फेफरें येतात किंवा भोंवळ येते, त्यानें तर डॉक्टरांना विचारल्यावांचून हात लावूं नये.

परंतु सर्वांत मोठें भय मला तिसऱ्या आठवड्यांत दिसलें. ती मेजाला धरून उभ्यानें चालत होती. मीं विचारलें, "किती ?" तिनें दोन बोटें दाखविलीं. चेहऱ्याचा जो भाग उघडा होता तो प्रसन्न होता. मीं चिमटीकडे पाहिलें, आंकडा ८६. डॉक्टरांनीं आम्हांला ८८ ची सीमा घालून दिलेली होती. मीं चष्मा उतरविला आणि तिला खालीं बसविलें. ती रागावली. "तळ्याला फेरा पुरा होत आला होता," म्हणाली. तीन-चार मिनिटांत आंकडा वर आला. पण माझे हात बराच वेळ थरथरत होते.

माझा तर्क अपुरा कां पटला होता तें आतां सांगतों. भाजलेल्या माणसाची जखम धुतांना होणारी वेदना निरुपयोगी आहे. ती विसरली तर नुकसान कांहीं नाहीं. धाप तशी नाहीं. धाप हा पहारेकरीहि आहे. तो अकारण ओरडतो हें खरें, पायांत बळ असतांना माणसाला खुर्चींत डांबून ठेवतो हेंहि खरें. म्हणून त्याचा आवाज थोडा कमी करणें इष्ट आहे. पण त्याला पुरतें झोंपवून चालणार नाहीं. मायेंत त्याचा आवाज ऐकूं येईनासा झाला तर दुसरा पहारेकरी उभा करावा लागतो. आमच्या घरीं तो म्हणजे बोटाची चिमटी आणि तिच्याकडे पाहणारा मी. यंत्र विकणारे लोक पहिल्या अर्ध्याबद्दल भरभरून बोलतात. दुसऱ्या अर्ध्याबद्दल विचारल्यावांचून बोलत नाहींत, असा माझा अनुभव आहे.

त्या दिवसानंतर तिनें एक तोड काढली. यंत्रांत असतांना ती मोठ्यानें बोलूं लागली. तळ्यांत काय दिसतें तें मला सांगे. वाक्य सलग निघालें तर मी स्वस्थ, दोन शब्दांवर तुटूं लागलें कीं मी थांबा म्हणे. वर्गांत मुलगा धडा वाचतांना कोठें अडतो तें पाठ फिरवूनहि मला कळत असे. तोच कान येथें कामीं आला.

आठ आठवडे झाले. आरंभीं पुतणीनें इमारतीच्या खालच्या वाहनतळांत तीस मीटर मोजून खुणा केल्या होत्या आणि सहा मिनिटें चालण्याची चाचणी घेतली होती; २५२ मीटर. शेवटीं पुन्हां घेतली, २९१. तीस मीटरांची वाढ झाली तर ती रोग्याला जाणवण्याजोगी, असें मानतात. तेव्हां एकोणचाळीस मीटर कमी नव्हते. पण हें यंत्रानें केलें काय ? मला सांगतां येत नाहीं, आणि जो खात्रीनें सांगेल त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाहीं. त्याच आठ आठवड्यांत पुतणीचा दर मंगळवारीं फोन येत होता. त्याच आठ आठवड्यांत मी हजेरीपटासारखी वही घालून रोज सकाळीं साडेआठला मेजापाशीं उभा राहत होतों. लग्नाला चाळीस वर्षें होऊन गेलीं, पण रोजचीं पंधरा मिनिटें फक्त तिच्या श्वासाकडे मीं यापूर्वीं कधीं दिलीं नव्हतीं.

शास्त्रज्ञांचें कामहि अजून याच अवस्थेंत आहे. इंग्लंडमध्यें दहा रोग्यांना घरीं आठ आठवडे हा चष्मा देऊन, बोटाच्या चिमटीवर दुरून लक्ष ठेवून पाहिलें. तें २०२० सालीं प्रसिद्ध झालें आणि अनुभव चांगला होता. पण दहा म्हणजे माझ्या वर्गांतले दोन बांक. तेवढ्यांवरून मी शाळेचा निकाल सांगणार नाहीं. पोलंडमध्यें सेबास्टियन रुत्कोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १०६ रोगी घेतले, तें अधिक भरीव. परंतु ते इस्पितळांत होते, घरीं नव्हते, आणि डोळ्यांवर चष्मा नसून पडद्यावरचा खेळ होता. मायक्रोसॉफ्टच्या किनेक्ट नांवाच्या यंत्रापुढें उभें राहून हातपाय हालवावयाचे. त्यांच्याहि रोग्यांना फायदा झाला. पण मौज पाहा, त्यांचा निबंध २०२० सालीं छापून आला आणि किनेक्ट बनविणें कंपनीनें २०१७ सालींच थांबविलें होतें. खेळण्याच्या बाजाराला रोग्याची वाट पाहण्याचें कारण नसतें. तेव्हां कोणी घरीं असें यंत्र विकत घेण्याच्या विचारांत असेल तर त्यानें आधीं खुर्ची, सज्जा, चिमटी आणि आठवड्याला एक फोन करणारें माणूस एवढें जमतें का तें पाहावें. तें जमूनहि जर भीतीनें पाऊल उचलत नसेल, तर मग यंत्राचा विचार योग्य. तोहि उसनें मिळत असल्यास उत्तम.

आमचें उसनें यंत्र गेल्या महिन्यांत परत गेलें. पत्नी आतां सज्जांत फेऱ्या घालते. मी बरोबर चालतों. पहिले दोन दिवस तिला तें फार मिळमिळीत वाटलें. ती पायऱ्या अजूनहि थांबत थांबतच चढते, मात्र पहिला थांबा नवव्यावरून अठराव्या पायरीवर, म्हणजे पहिल्या मजल्यावर गेला आहे. हिंवाळ्यांत छातींत कफ झाला तर तो पुन्हां खालीं येईल, असें डॉक्टरांनीं बजावून ठेवलें आहे.

यंत्र आतां कऱ्हाडकडच्या एका बाईंकडे जाणार आहे. त्यांनाहि इंग्रजी येत नाहीं; म्हणून पुतणीनें माझ्यावर एक काम सोंपविलें. मडमच्या जागीं मराठी सूचना पाहिजेत, आणि त्या माझ्या आवाजांत. मीं एका दुपारीं खिडक्या लावून त्या मुद्रित केल्या : पाऊल उचला, नाकानें श्वास घ्या, एक, दोन, ओठांचा चंबू करा, हळू सोडा, एक, दोन, तीन, चार. पत्नीनें तें डोळे मिटून ऐकलें आणि म्हणाली, "फार भरभर मोजतां. तुम्हीं पाढे म्हणायला नाहीं उभें केलें त्यांना." त्या चार अंकांना किती वेळ लागतो तें मग तिनें मला स्वतः सोडून दाखविलें. त्या मापानें मी पुन्हां मोजलें, आणि तेंच पुतणीकडे पाठविलें आहे.